पुसला न जाणारा माणूस

१

दुखण्यातून उठल्यापासून रफूताईला सकाळचा चहा आयता हातात मिळू लागला होता.

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने कधी गॅसची कळ फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं. चहा पुढ्यात आला की 'साखर कमी पडलीय' किंवा 'पार निवलाय' यांपैकी एक वाक्य टाकायचं, एवढाच त्याचा हातभार. आता तोच तिच्या आधी उठायचा, आधण ठेवायचा, कप तिच्या उशाशी आणून द्यायचा आणि आपला कप घेऊन समोरच्या खुर्चीत बसायचा.

"बरं वाटतंय ना?" तो विचारायचा.

"वाटतंय," ती म्हणायची.

खरं तर तिला बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. मेंदूतल्या एका बारीकशा शिरेत रक्ताची गुठळी अडकली, लाँड्रीत रफू करताना हातात सुई असतानाच ती कलंडली आणि पुढचे काही आठवडे इस्पितळात गेले. हातपाय वाचले, वाचा वाचली. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणाला. पण तेव्हापासून आतमध्ये कुणी कापूस ठासून भरल्यासारखं झालं होतं. राग, आनंद, काळजी, सगळं शेजारच्या घरात चाललंय आणि आपल्याला भिंतीआडून ऐकू येतंय, असं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो ठिपका.

नजर एका जागी धरली की डाव्या अंगाला, किंचित वर, तिला काही दिसत नसे. लांब केलेल्या हातात पेला धरावा, त्या पेल्याएवढी जागा. पण तिथे काळोख नव्हता की भोक नव्हतं. तिथे भिंत असायची. पडदा असला तर पडदा.

"डोळे तुमचे ठणठणीत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "डोळा नुसता माल आणून टाकतो हो. बघायचं काम मेंदूचं. त्यातला एक कोपरा बंद पडलाय तुमचा."

"मग तिथे काळं का नाही दिसत?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कागदावरचा धंदा वाचला आणि हसल्या. "कोटाला भोक पडलं तर तुम्ही काय करता?"

"त्याच कापडाचे धागे काढते, आतल्या शिवणीतून. त्यांनी बुजवते."

"मेंदू तेच करतो. शेजारचं ओढून घेतो आणि भोक बुजवतो. तुम्ही तरी उजेडात धरून बघता, कुठे चुकलंय का. तो तेवढंही करत नाही. जे बुजवलं तेच खरं मानून चालतो. आणि घाबरू नका, जन्मापासून प्रत्येकाच्या डोळ्यात असा एक बारीक ठिपका असतोच. तुम्हाला दुसरा मिळाला, एवढंच."

२

लाँड्रीत ती पूर्वीसारखी मागच्या टेबलाशी बसू लागली. काम हळू व्हायचं, पण व्हायचं. कापड जरा सरकवून घेतलं की ठिपका बाजूला पडायचा.

या ठिपक्याचा उपयोग आहे हे तिच्या लक्षात आलं ते एकदा मालक बडबडत असताना. गिऱ्हाइकाच्या पँटचं कुणीतरी वाटोळं केलं होतं आणि मालक सगळ्यांना मिळून झापत होता. रफूताई कंटाळून तिला त्याच्या उजवीकडे दिसणाऱ्या हँगरकडे बघायला लागली, आणि मालकाचं डोकं गेलं. कॉलरच्या वर मागचं निळं शटर होतं, त्याच्या पट्ट्यांसकट. आवाज मात्र चालूच.

तिला हसू फुटलं. दुखण्यानंतरचं पहिलं हसू.

"काय झालं हो?" इस्त्रीवाल्याने नंतर विचारलं. तो आणि ती एकाच छताखाली म्हातारे व्हायला आले होते. तिने सांगितल्यावर तो इस्त्री बाजूला ठेवून भिंतीला टेकून उभाच राहिला. "माझं उडवा बघू मुंडकं."

"उडवलं."

"काय दिसतंय?"

"भिंत. कॅलेंडरचा खिळा नाही दिसत, पण भिंत आहे."

"चला, घरी सांगायला झालं. बायको कधीपासून म्हणतेय, याच्या खांद्यावर काही नाहीच."

मग तो चाळाच लागला. बसथांब्यावर, बँकेत, इस्पितळाच्या बाकावर ती माणसं पुसायची. जवळचा असला तर नुसता चेहरा जायचा, रस्त्यापलीकडचा असला तर अख्खा माणूस. नजर नेमकी धरायची, हलू द्यायची नाही. सगळे पुसले जायचे. त्यांच्या जागी भिंती, झाडं, रस्ता. जग त्यांच्यावाचून मुळीच अडत नव्हतं, हे बघायला तिला बरं वाटे. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

३

नवऱ्यावर तिने हा प्रयोग केला तो सहज.

सकाळ होती. तो नेहमीप्रमाणे समोरच्या खुर्चीत चहा पीत होता. तिने खिडकीच्या कडीवर नजर रोवली. कडी तिला त्याच्या उजवीकडे दिसत होती, जरा खाली. त्याचं डोकं बरोबर ठिपक्यात यायला हवं होतं.

आलं. चष्मा गेला. खुर्चीची उंच पाठ गेली, मागच्या भिंतीवरचं घड्याळ गेलं. तिथे भिंतीचा एकसारखा पिवळट रंग पसरला, आणि त्या रंगात त्याचा चेहरा तसाच राहिला. चष्म्यावाचून.

नजर हलली असेल, असं तिला वाटलं. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा कडी धरली. कडीवर गंजाचा एक डाग होता. तो डाग हलला नाही, म्हणजे तिची नजरही हलली नव्हती. चेहरा राहिला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या राहिल्या.

मग तिने नजर आणखी खाली नेली, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यावर. आता ठिपक्यात त्याचा हात आला. कप गेला. बशी गेली. बाहीचं टोक गेलं. बोटं मात्र राहिली, काहीच नसलेल्या जागेभोवती वळलेली.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"खिडकी पुसायला झालीय."

"मी पुसतो ना," तो म्हणाला. आणि खरंच उठून त्याने फडकं ओलं करून आणलं.

ती बघत बसली. फडकं काचेवरून सरकताना कुईकुई वाजत होतं. आपल्याला आता भीती वाटायला हवी, असा विचार तिच्या मनात आला. वाटली नाही. कापसातून काही पोचलं नाही.

तिने सरळ हिशेब मांडला. ठिपक्यातून डोळ्यांचा माल आत येत नाही. तिथे जे दिसतं ते आतूनच आलेलं असतं. मग हा माणूस आतून आलेला आहे? पण मालक त्याच्याशी फोनवर बोलतो. दूधवाला त्याच्याकडून पैसे घेतो. शेजारीण त्याला हाक मारते. सगळ्यांना दिसतो की.

सगळ्यांना दिसतो. एवढंच की बाकी सगळ्यांसारखा पुसला जात नाही.

४

डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा त्या यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघायचं, कडेला कुठे प्रकाश लुकलुकला की बटण दाबायचं. ठिपका होता तिथेच होता, तेवढाच.

"फक्त नवराच दिसतो म्हणता?"

"हो."

"भाग्यवान आहेत." बाईंना हे फारसं विचित्र वाटलेलं दिसलं नाही. "असं बघा, घरच्या माणसाला आपण खरं तर बघतच नाही. त्याची छबी मेंदूत तयारच असते. दारात सावली पडली की मेंदू म्हणतो, आले हे. उरलेलं तो पाठांतरातून भरतो. तुमचा मेंदू रिकाम्या जागेत भिंत भरायच्या ऐवजी नवरा भरतोय. कधी कधी तर अशा जागेत नसलेलीच चित्रं दिसतात लोकांना. वेड नव्हे ते."

"पण चष्मा का नाही दिसत?"

"पाठांतर कच्चं असेल," बाई म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाला हाक मारायला सांगितलं.

रफूताईला ते पटलं. पटवून घेण्यासारखंच होतं. बाहेर पडताना तिने आठवून पाहिलं, चष्म्यावाचून त्याचा चेहरा आपण शेवटचा नीट कधी पाहिला होता? काही आठवलं नाही.

५

त्याच सुमारास धाकटी आली. रफूताईची ही बहीण लांबच्या गावी असायची आणि वर्षातून एखाद्या वेळी उगवायची. तिचं येणं म्हणजे घरात वादळ. दारातच चपला भिरकावून तिने सुरुवात केली.

"ताई, काय ग ही अवस्था! आणि भाऊजी, तुम्ही स्वयंपाकघरात? सूर्य कुठून उगवला आज?"

नवरा हसला. पूर्वी तो धाकटीच्या बोलण्यावर फणकारून उठून जायचा.

रफूताईने दाराच्या मुठीकडे नजर धरली आणि बहिणीला ठिपक्यात घेतलं. धाकटी गेली. चेहरा, कानांतले डूल, केसांतला चाप, सगळं एकदम. नुसता आवाज उरला, तक्रारी करणारा. रफूताईच्या अंगावरून काहीतरी सैल झाल्यासारखं उतरलं.

"मागच्या खोलीत झोप तू," नवरा धाकटीला म्हणाला. "गादी घातलीय. ही इस्पितळात होती तेव्हा मी तिकडेच झोपायचो. छान झोप लागते."

मागची खोली म्हणजे अडगळीचीच. एक कॉट, एक कपाट, शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी. तिथे बाहेरचा आवाज येत नसे. रफूताईला ती खोली कधी आवडली नव्हती, पण नावडण्यासारखंही तिथे काही नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस धाकटीच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पाण्याला वास येतोय, शेजारीण आगाऊ आहे, आपला नवरा अजागळ आहे. मग तो हळूहळू उतरला. एका सकाळी रफूताई उठली तेव्हा धाकटी आणि नवरा दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसले होते, गप्प. भांडून गप्प झालेली माणसं वेगळी दिसतात. हे दोघं नुसते बसले होते.

"झोप लागली का ग?" रफूताईने विचारलं.

"छान लागली," धाकटी म्हणाली. "बरं वाटतंय ना तुला, ताई?"

रफूताईने फळीवरच्या डब्याकडे नजर वळवली. फळी गेली, टाइल्सच्या रेघा जुळून आल्या. धाकटीचा कान राहिला. डूल नव्हता त्यात. पाळीला पडलेलं बारीक भोक तेवढं होतं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं इथेही लागू पडतं, असं तिने स्वतःला बजावलं. आठवडाभर रोज समोर आहे, छबी पक्की झाली असेल. इस्त्रीवाला कितीतरी वर्षं रोज समोर आहे, तरी पुसला जातो. पण तो घरचा कुठेय?

धाकटी गावी परतल्यावर तिच्या नवऱ्याचा फोन आला. तो हरखून गेला होता. "ताई, काय जादू केलीत हो? आल्यापासून एक शब्द वाकडा नाही. पहाटे उठते, सगळं आवरते, आणि बसून राहते शांत. मला म्हणते, बरं वाटतंय ना?"

६

दुपारी नवरा बाजारात गेला होता. रफूताई मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

कॉटवर धुतलेली चादर होती, एक सुरकुती नसलेली. कपाट बंद. खिडकीतून समोरच्या भिंतीचा करडा उजेड येत होता. खोली रिकामी होती. तिने दोनदा सगळ्या कोपऱ्यांतून नजर फिरवली. रिकामी.

मग तिने कपाटाच्या किल्लीच्या भोकावर नजर धरली, म्हणजे कॉट ठिपक्यात येईल.

कॉट गेली. चादर गेली. करडी भिंत खालपर्यंत सलग झाली. आणि त्या भिंतीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं. पाठ उघडी होती, खूप लांब, आणि मणके वरून खालपर्यंत एकेक करून सावकाश हलत होते, श्वास घेतल्यासारखे.

तिने सरळ पाहिलं. कॉट. चादर.

नसलेलीच चित्रं दिसतात लोकांना, असं बाई म्हणाल्या होत्या. वेड नव्हे ते. रफूताईने दार ओढून घेतलं आणि जाऊन टेबलाशी बसली. समोर लाँड्रीतून आणलेलं एक स्वेटर होतं, त्याची वीण तिने धरली. सुटलेला टाका धरताना हात लांब गेला, थेट ठिपक्याच्या दिशेने, तशी तिने तो चटकन मागे घेतला. स्वतःच्या हातावर तिने हा प्रयोग कधी केला नव्हता. पुढेही केला नाही.

नवरा पिशवी घेऊन आला. "लेकीला फोन केला होता मी," तो म्हणाला. "महिनाभर राहायला ये म्हटलं, नातीला घेऊन. तू अजून पाहिलंही नाहीस ना तिला. मागच्या खोलीत सोय करू. बाळाला छान झोप लागेल."

७

नात झाली तेव्हा रफूताई इस्पितळात होती. नंतर फोनवरचे फोटोही तिने धड पाहिले नव्हते, तशी ओढच वाटली नव्हती. टॅक्सी फाटकाशी थांबली तेव्हा नवरा पुढे आणि ती मागे, अशी दोघं अंगणात उभी होती.

लेक उतरली, वाळलेली, वैतागलेली. "किती खड्डे आहेत ग रस्त्यात! आणि ही एक मिनिट झोपली असेल तर शपथ." कडेवर गुंडाळलेलं बाळ तोंड वेडंवाकडं करून रडत होतं. अंगात लोकरीचा झगा, डोक्याला टोपी, पायांत जाड पिवळे मोजे.

रफूताईने फाटकाच्या खांबावर नजर धरली. लेक गेली, बाळ गेलं. तिथे कुंपणाची हिरवी जाळी आली आणि त्या जाळीतून दोघींचा आवाज येत राहिला. तिने श्वास सोडला.

"आण इकडे," नवरा म्हणाला. त्याने हात पुढे केले आणि बाळाला घेतलं.

बाळ रडायचं थांबलं.

"बघ!" लेक चकित होऊन म्हणाली. "बाबांकडे गेली की गप्प!"

खांबावरून रफूताईची नजर हलली नव्हती. ठिपक्यात आता नवरा होता, हिरव्या जाळीत उभा, चष्म्यावाचून, वळलेल्या दोन हातांसह. हात रिकामे होते. बाळ नव्हतं. ती बघत राहिली. मग त्या हातांच्या खाली, जाळीच्या रंगात, काहीतरी उमटायला लागलं. आधी फिकट, मग नीट. एक पाऊल. मोजा नसलेलं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, आणि टाचेवर तांबूस डाग.

ते पाऊल तिने कधी पाहिलं नव्हतं. मोज्यात होतं ते. पाठांतरात कुठून येणार?

ती पुढे गेली आणि बाळाला त्याच्या हातांतून ओढलं. बाळ किंचाळलं. हिसक्याने एक मोजा निघून खाली पडला. तिने पायाकडे पाहिलं. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

"आई! काय करतेस?"

रफूताईने बाळ लेकीच्या हातात कोंबलं. "परत जा."

"काय?"

"परत जा म्हटलं. मला झेपायचं नाही. आधीच मी मेलेली, त्यात तुमची उस्तवार कोण करणार?"

"अग, बाबांनीच बोलावलं मला!"

"बाबांना काय होतंय बोलवायला? तुला आयतं माहेरपण हवंय. आजारपणात एकदा तरी आलीस का बघायला?"

लेकीने बाळाला छातीशी धरलं. "मी बाळंतीण होते, आई," ती हळूच म्हणाली.

"मला सांगू नकोस. टॅक्सी उभी आहे अजून. बस जाऊन."

आपण काय बोलतोय ते तिला नीट ऐकू येत होतं. लेकीला ते कुठे लागतंय तेही दिसत होतं. तिने आणखी दोन वाक्यं बोलून घेतली, म्हणजे लेक पुन्हा लवकर येणार नाही. लेकीने बापाकडे पाहिलं. तो ओरडेल, आईला गप्प करेल, नेहमी करायचा तसं, अशी तिला आशा असावी.

"येऊ दे ना तिला," नवरा म्हणाला, तसंच हसत. "बरं वाटेल."

लेक टॅक्सीत बसली. बाळ पुन्हा टाहो फोडून रडायला लागलं होतं. टॅक्सी वळेपर्यंत रफूताई तिच्याकडे सरळ बघत राहिली. नजर तिने जराही बाजूला नेली नाही.

८

लेकीने कितीतरी महिने फोन केला नाही. रफूताई करायची, ती उचलत नसे. एकदा उचलला.

"काय आहे?" लेकीचा आवाज कोरडा होता.

"बाळ रडतं का ग?"

"म्हणजे?"

"रडतं का? हट्ट करतं का?"

"तुला एवढंच विचारायचंय?" लेक म्हणाली. "रडते. दिवसभर रडते. काही दिलं की भिरकावून देते. चावते मला. झालं समाधान?"

मागून खरंच एक कर्कश, संतापलेलं रडं ऐकू आलं, भांडं आपटल्याचा आवाजही. रफूताईने फोन कानाशी घट्ट दाबला आणि डोळे मिटले. लेकीने ठेवून देईपर्यंत ती ऐकत राहिली.

"लेकीचा होता का?" नवरा दारात उभा होता. त्याने बाहेरचे कपडे घातले होते. "मी काय म्हणतो, ती येत नाही तर आपणच जाऊ तिकडे. किंवा मी एकटा जाऊन येतो चार दिवस. नातीला घेऊन बसेन."

रफूताईने त्याच्याकडे पाहिलं. दुखण्यानंतर त्याने तिला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. खिडकी पूस म्हटलं की तो पुसायचा, बस म्हटलं की बसायचा.

ती पलंगावर आडवी झाली. "मला बरं वाटत नाहीये," ती म्हणाली. "चक्कर येतेय. तुम्ही मला सोडून कुठे जाऊ नका."

"नाही जात," तो लगेच म्हणाला.

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या डाव्या हाताला बसला. तेव्हापासून रफूताई अंथरुणातून उठलेली नाही. लाँड्रीतून इस्त्रीवाला दोनदा येऊन गेला, डॉक्टरीणबाईंनी तपासून नवीन काही नाही म्हणून सांगितलं. ती उठत नाही. तो जरा हलला की कण्हते.

"इथेच आहे मी," तो म्हणतो आणि तिच्या हातावर हात ठेवतो. हात ऊबदार असतो. ती छताकडे बघत राहते.